ग्रास कटरचं विमान

प्लग साफ करायला घेतला होता, एवढंच. त्या रविवारी सकाळी कुंडलिकरावांच्या मनात दुसरं काहीसुद्धा नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे अख्खं आणे गाव म्हणू लागलं, की या माणसाच्या डोक्यात विमान पहिल्यापासूनच होतं.

कुंडलिकराव एका हायस्कुलात क्लार्क. दाखले, हजेरीपट आणि शिक्के यांत त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. या पंचवीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या हातांनी एकच वस्तू बनवली होती, कोंबड्यांचं खुराडं. (कोंबड्या त्यात कधी गेल्या नाहीत.) घरची शेती, दोन गाई आणि एकूण सगळा कारभार त्यांच्या पत्नीकडे, वैजयंतीबाईंकडे. बांधावरचं गवत कापायचा पेट्रोलवरचा ग्रास कटरही त्यांचाच. पट्टा खांद्याला अडकवून त्या मशीन चालवू लागल्या, की शेजारच्या वावरातले पुरुष आपले विळे हळूच पाठीमागे लपवत.

"लवकर चालू होईना झालंय. जरा प्लग बघा," असं सांगून त्या गाई पाण्यावर घेऊन गेल्या.

प्लग कसा काढतात ते पाहायला कुंडलिकरावांनी मोबाइल उघडला. प्लगचा व्हिडिओ संपला आणि आपोआप पुढचा सुरू झाला. सांगलीकडच्या कुणा गृहस्थानं अगदी असंच मशीन घेतलं, त्याचा लांब दांडा काढून टाकला, इंजिनाच्या तोंडाला लाकडी पंखा बसवला आणि ते इंजिन प्लायवूडच्या विमानाला लावून विमान चक्क उडवलं. कुंडलिकरावांनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. प्लग हातातच राहिला.

"झालं का?" गाई घेऊन परत आलेल्या वैजयंतीबाईंनी विचारलं.

"सर्व्हिसिंग लागंल. सावळारामकडं टाकतो," कुंडलिकराव म्हणाले. संसारातलं हे त्यांचं पहिलं खोटं नव्हतं, पण इंजिन असलेलं पहिलंच होतं.

सावळारामचं वारूळवाडीत फवारणीच्या पंपांचं आणि असल्या मशिनींचं गॅरेज. त्यानं दोरी ओढली, प्लग पुसला, पुन्हा दोरी ओढली. मशीन सुरू झालं.

"भाऊ, हे तर चांगलं हाय की. झालंय काय याला?"

"काय नाय झालं. याचं विमान करायचंय."

सावळारामनं पाना खाली ठेवला. "पेट्रोल हुंगलं का काय तुमी?"

पण व्हिडिओ पाहिला आणि तोही गेला कामातून. गिऱ्हाइकांचे पंप कोपऱ्यात सरकले. दांडा निघाला, क्लच निघाला, पंखा बसवायला लेथवरून लोखंडी चकती करून आली. रिमोट कुरिअरनं आला. पंखा मात्र कुंडलिकरावांनी स्वतः कोरला, सागवानी फळीचा, व्हिडिओतल्या पंख्याकडे बघून, एकेक वळण जुळवत. दोन्ही पंख बसवले की विमान बाजेएवढं दिसे. चाकं पांगुळगाड्याची होती.

इकडे वैजयंतीबाई विळ्यानं गवत कापत होत्या. दोन आठवड्यांत त्यांच्या तळहाताला फोड आले.

"त्या सावळारामाला एवढं सापडंना तरी काय?" एका संध्याकाळी हाताला खोबरेल चोळत त्यांनी विचारलं.

"पार्ट यायचाय. पुण्यावरनं."

कुंडलिकरावांनी मान खाली घालून भाकरी संपवली. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. दुसऱ्या दिवशी बायकोला मदत म्हणून ते विळा घेऊन गेले आणि अंगठा कापून आले, तेव्हा वैजयंतीबाईंवर दोघांच्या हातांना तेल लावायची वेळ आली.

शेवटी एका रविवारी गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर विमान उडवायचं ठरलं. सावळारामशिवाय कुणाला सांगायचं नाही, असंही ठरलं. त्यामुळे माळावर फक्त चाळीस माणसं आली. पंखा लागेल म्हणून सगळी शहाणी माणसं विमानाच्या मागे उभी राहिली. सावळारामनं नारळ फोडला, इंजिन सुरू केलं. कुंडलिकरावांनी रिमोटची काडी पुढे सारली.

विमान सुसाट निघालं. मागे.

चाळीस माणसं पळाली. कुंडलिकरावही पळाले आणि पळता पळता त्यांनी घाबरून काडी आणखी पुढे दाबली. विमान शेपूट पुढे करून त्यांच्या मागे लागलं. ते डावीकडे वळले, की विमानही डावीकडे. (चाक वाकडं होतं, विमानाचा त्यांच्यावर राग नव्हता.) रिमोट कुठेतरी उडून पडला. शेवटी एका बाभळीशी त्यांनी वळून दोन्ही हातांनी विमानाचं शेपूट धरलं आणि टाचा मातीत रोवल्या.

"भाऊ," सावळाराम लांबून म्हणाला, "हे रिव्हर्स गिअरमधी हाय."

त्या वेळी वैजयंतीबाई ओढ्यापलीकडे गवत कापत होत्या. माळावरून येणारा आवाज बाकीच्यांना विमानाचा वाटला, पण त्यांना तो ओळखीचा वाटला. आपली गाय शंभर गाईंत हंबरली तरी बाईला कळतं. विळा हातात तसाच घेऊन त्या माळावर आल्या. माणसं बाजूला झाली. त्यांनी पुढून विमान पाहिलं. दोरीच्या मुठीला त्यांनीच गुंडाळलेली हिरवी चिंधी तिथंच होती.

"पार्ट आला वाटतं पुण्यावरनं," त्या म्हणाल्या.

"चुकलं माझं," शेपूट धरूनच कुंडलिकराव म्हणाले.

"बंद करा आधी."

"बटण पुढं हाय. मी सोडलं तर हे मागं येतंय."

वैजयंतीबाई काय बोलणार होत्या ते कळलंच नाही, कारण मध्येच लंकाबाईंची हाक आली. सत्तरी ओलांडलेल्या या म्हातारीचं खळं बाभळीला लागूनच होतं. मळलेल्या हुलग्यांची रास चार दिवस तिथं पडून होती; उफणायला वाराच नव्हता. आणि आता विमानाच्या तोंडातून निघालेला वारा थेट खळ्यावर जात होता. राशीवरचा भुसा उडू लागला होता.

"वैजयंते, वारं सुटलंय गं. सूप घे आन् ये."

"मावशे, वारं न्हाई ते. आमचं मशीन हाय."

"कुनाचं का असंना, पडायच्या आत ये."

म्हातारी सूप उंच धरून उभी राहिली. हुलगे सरळ खाली, भुसा लांब बाजूला. एक सूप झालं, दुसरं झालं. वैजयंतीबाईंनी थोडा वेळ पाहिलं, मग विळा खाली ठेवला आणि दुसरं सूप उचललं. पाऊण तासात रास स्वच्छ झाली. पाऊण तास कुंडलिकराव शेपूट धरून उभे होते.

उलट्या विमानाचा उलगडा सावळारामनं दोन दिवसांनी केला. "भाऊ, ह्या व्हिडिओतल्या मानसाच्या मागच्या कॅलेंडरावरचे आकडे बघा. उलटे हायेत. त्यानं मोबाइल सेल्फीवर धरलेला. आरशातला पंखा कोरला तुमी. सुलटा कोरू, उडंल."

पण तोवर उशीर झाला होता. लंकाबाईंनी वाडी-वस्तीवर सांगून ठेवलं होतं आणि तिघींचे निरोपही येऊन गेले होते. वैजयंतीबाईंनी निकाल दिला: सकाळी इंजिन ग्रास कटरला, दुपारी विमानाला. अदलाबदल त्या स्वतः करत. ज्या कामाला सावळाराम आणि कुंडलिकराव यांना मिळून अडीच दिवस लागले होते, ते त्या वीस मिनिटांत उरकत. धूर धान्यावर येऊ नये म्हणून सायलेन्सरला वाकडी नळी लावली गेली. बायकांच्या पदरात अडकतात म्हणून विमानाचे पंख काढून टाकले. अबोला आठवडाभर चालला, मग वैजयंतीबाईंनीच हुलग्यांची शेंगोळी केली आणि ताट पुढे सरकवताना "वारं बरं येतं तुमचं," एवढं बोलल्या.

खरं सांगायचं तर कुंडलिकराव सुखात होते. दर रविवारी ते कुणाच्या ना कुणाच्या खळ्यावर असत. बायका त्यांना चहा देत, म्हातारे विमानाच्या पाठीवर थाप मारत. शाळेत पंचवीस वर्षं शिक्के मारून जो मान मिळाला नव्हता, तो शेपूट धरून मिळत होता. यात कसब आहे, असं त्यांचं मत बनत चाललं होतं. टाच कशी रोवायची, दम कुठे धरायचा, हे त्यांनी सावळारामला दोनदा सविस्तर समजावून सांगितलं.

चौथ्या रविवारी दारात पिकअप थांबली. येडगावहून एक अनोळखी शेतकरी आला होता.

"विमानवाले हितंच राहत्यात का?"

कुंडलिकरावांनी शर्टाची कॉलर नीट केली. "मीच तो. बसा पावणं."

"आमची मटकी मळून पडलीय, आन् वारं नाय. विमान मिळंल का दोन दिवस?"

"न्या की," आतून वैजयंतीबाई म्हणाल्या. "आन् शेपूट धरायला ह्यांनाबी न्या. त्याबिगर चालत नाय ते."

पाहुण्यानं कुंडलिकरावांना पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"नको ताई," तो म्हणाला, "एवढ्यासाठी मानूस कशाला? आमी खुंट्याला बांधू."