अर्धे सिलिंडर

"अर्धं सिलिंडर शिल्लक ठेवून वर आलास, तर माझी पोरगी नजात तुझी," असे म्हणून नौकेचे रईस, म्हणजे तांडेल, बशंदी यांनी वजदीच्या छातीवरचा पट्टा असा आवळला, की त्याचा पहिला श्वास नौकेवरच वाया गेला. "ज्याला श्वास पुरवता येत नाही, तो संसार काय पुरवणार?"

"आणि तुम्ही कशाला खाली येताय, अम्मो?" वजदी त्यांना काकाच म्हणे.

"नजर ठेवायला. माझं सिलिंडर आजवर कधी अर्ध्याखाली गेलेलं नाही. विचार कुणालाही."

तांबड्या समुद्रावरच्या सफागा बंदरात असे विचारण्याची कुणाची छाती नव्हती.

बुडालेले मालवाहू जहाज खाली कुशीवर निजले होते. वजदी हात जुळवून, पाय मंद हलवीत आत शिरला. नजातचा विचारही त्याने निश्चयाने टाळला. त्या विचाराने श्वास वाढे. रईस मागे दारापाशी थांबले.

ठक्. ठक्. ठक्.

सिलिंडरवर लोखंड आपटून सोबत्याला हाक घालण्याची पाणबुड्यांची रीत. होणाऱ्या सासऱ्याची हाक डावलणार कोण? वजदी आवाजाच्या रोखाने वळला. आवाज मात्र पुढे पुढे सरकत जहाजाच्या स्वयंपाकघरात शिरला, आणि तिथे थांबला.

तिथे कुणीच नव्हते. छताशी साचलेल्या हवेचा थर पाऱ्यासारखा लकाकत होता. त्यात वजदीला आपला चेहरा उलटा दिसला. आणि त्याच्या खांद्यामागे दुसरा, फिकट, डोळे फाडलेला.

वजदीचा श्वास भात्यासारखा चालू लागला. उरलेली हवा दाखवणाऱ्या गेजचा काटा अर्ध्याखाली घसरला. तो दुसरा चेहरा पुढे झाला आणि त्याने स्वतःच्या गळ्यावरून आडवा हात फिरवला. ते रईसच होते. लग्न मोडले, असे वजदीला वाटले. मग आठवले, ही खूण हवा संपल्याची. त्याने आपली जादा नळी त्यांच्या तोंडात दिली. एकाच सिलिंडरवर, एकमेकांना कवटाळून, दोघे दोराच्या आधाराने थांबत थांबत वर आले.

"दाखवा, दाखवा! किती उरली?" नौकेवरचा शाझली धावला. वजदीचा काटा शून्याला टेकला होता. रईसांनी आपले गेज मुठीत झाकले. "अरेरे! रईस, आता दुसरा जावई बघा."

खरे सांगायला वजदीने तोंड उघडले, पण रईसांचे डोळे पाहून तो छातीवरचा पट्टा सोडू लागला.

"गप रे," रईस गरजले. "एकट्यापुरती हवा कुणीही वाचवेल. पोरगा वाटून घेणारा आहे. वजदी, शुक्रवारी आईला घेऊन घरी ये."

शाझली चकित होऊन आत गेला. रईस वजदीच्या कानाशी लागले. "पण मेल्या, मला ठोकून ठोकून त्या स्वयंपाकघरात कशाला बोलावलंस? जीव अर्धा झाला माझा. सगळी हवा तिथंच गेली."

"मी? मी तर तुमच्याच हाकेला आलो, अम्मो."

तेवढ्यात पायांखाली, नौकेच्या तळावर, कुणीतरी अदबीने वाजवले.

ठक्. ठक्. ठक्.

आणि पाणबुड्याने कधीही करू नये ते दोघांनी एकदमच केले: श्वास रोखून धरला.