डोंगराची शस्त्रक्रिया

रविवारी सकाळी दातांच्या डॉक्टरांनी घरात संचारबंदी लावली. मिक्सर बंद, नळ बंद, जिन्यावर चपला बंद. माडीवरच्या खोलीत त्यांनी स्वतःच्या हाताने उभी केलेली छोटी रेल्वे होती. भिंतीलगतच्या फळ्यांवर स्टेशन, पूल, दोन गावं आणि कोपऱ्यात प्लास्टरचा भला मोठा डोंगर. आज त्या रेल्वेचं चित्रीकरण होतं. इंजिनाच्या पुढे एक सपाट डबा आणि त्यावर काडेपेटीएवढा कॅमेरा. इंजिन चालवणाऱ्याला जे दिसेल तेच बघणाऱ्याला दिसणार. ही फिल्म संध्याकाळपर्यंत छोट्या रेल्वेवाल्यांच्या मंडळाकडे पोचली, तरच प्रदर्शनात जागा मिळणार होती.

डॉक्टर मुळातच तापट. दवाखान्यात समोरच्याच्या तोंडात आपलेच दोन हात असल्यामुळे उलट उत्तर ऐकायची त्यांना सवय राहिली नव्हती. त्यात मंडळातला चष्मेवाला, म्हणजे चष्म्यांच्या दुकानाचा मालक, मागच्या बैठकीत सगळ्यांदेखत म्हणाला होता, "गाडी झकास आहे डॉक्टर, पण तो डोंगर किडक्या अक्कलदाढेसारखा दिसतो." लोक हसले होते. डॉक्टरांच्या डोक्यात तेव्हापासून ते हसू ठणकत होतं.

पहिल्या फेरीला गाडी दिमाखात सुटली, पूल ओलांडला आणि वळण घेतल्यावर क्षितिजामागून डॉक्टरांच्या मोठ्या बहिणीचा चेहरा उगवला.

"चहा ठेवू का रे?" चेहऱ्याने विचारलं.

"ताई, तू माझ्या आभाळात उभी आहेस."

"मग उभी तरी कुठे राहू? दारात थांबले तर म्हणतोस सावली पडते."

दुसऱ्या फेरीला बायको शिंकली. ती खाली स्वयंपाकघरात होती, पण कॅमेऱ्याचे कान तिखट होते. डॉक्टर जिन्याच्या तोंडाशी जाऊन गरजले.

"अहो, शिंक काय विचारून येते?"

"दाबता येते."

"मग तुम्ही तुमचा राग दाबून दाखवा, मी शिंक दाबते," बायको म्हणाली.

तिसऱ्या फेरीला दोघींना जिन्यावर गप्प बसवण्यात आलं. गाडी सुटली, पूल आला, वळण आलं, ताई आली नाही. गाडी ऐटीत डोंगराच्या बोगद्यात शिरली आणि बाहेर आलीच नाही. आता रागवायला कोणीच नव्हतं, त्यामुळे डॉक्टरांना जास्तच राग आला. त्यांनी बाही वर केली आणि दंडापर्यंत हात बोगद्यात घातला. इंजिन बोटांना लागलं. पण हात मागे घेताना डोंगराच्या आतल्या तारेच्या जाळीत घड्याळाचा पट्टा अडकला. ओढावं तसा तो जास्तच रुतत गेला.

बायकोने कमरेला धरून ओढलं. ताईने बायकोला धरून ओढलं. डोंगर जागचा हलला नाही, डॉक्टर मात्र दुखावले.

"थोडा फोडूया का?" बायकोने विचारलं.

"डोंगराला कोणी हात लावायचा नाही."

तेवढ्यात खालची घंटा वाजली. ताई दार उघडून आली ती एका पेशंटला घेऊनच. गालाला रुमाल, एक बाजू फुग्यासारखी सुजलेली. चष्मेवाला.

"रात्रभर झोप नाही डॉक्टर," तो अर्ध्या तोंडाने म्हणाला. "दाढ काढा. आत्ता."

"मी कामात आहे."

चष्मेवाल्याने डॉक्टरांकडे नीट बघितलं. मग डोंगराकडे. दुखत असूनही त्याचा सुजलेला गाल हसायला लागला. तेवढ्यात कळ आली आणि तो मटकन खुर्चीत बसला.

"डोंगर कापायला लागेल," तो म्हणाला.

"डोंगराला हात लावलात तर तुमच्या दाढेला मी हात लावणार नाही."

"हात आहे कुठे तुमचा?"

बायकोने शेल्फावरची बारीक करवत काढली आणि शांतपणे चष्मेवाल्याच्या हातात दिली.

"तू कोणाच्या बाजूने आहेस?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला नळ सोडायचाय," ती म्हणाली.

चष्मेवाल्याने एका हाताने गाल धरून दुसऱ्या हाताने डोंगराचा माथा कापला. प्रत्येक कळेला तो विव्हळत होता आणि प्रत्येक घावाला डॉक्टर. शेवटी माथा टोपीसारखा उचलला गेला, पट्टा सुटला, हात बाहेर आला. डॉक्टर त्याला तडक खाली दवाखान्यात घेऊन गेले. आधी दाढ बधिर केली. मग त्याच्या तोंडात दोन्ही हात घालून इतके दिवस मनात साचलेलं सगळं त्याला सविस्तर ऐकवलं. चष्मेवाल्याला फक्त "आ" म्हणता येत होतं. दाढ सुरेख निघाली.

पुन्हा वर आले तेव्हा डॉक्टरांचा आवाज बसला होता आणि चष्मेवाल्याच्या तोंडात कापूस होता. घरात इतकी शांतता कधीच नव्हती. ती वाया जाऊ नये म्हणून डॉक्टरांनी घसरलेलं इंजिन रुळावर ठेवून गाडी सोडली. या खेपेला बोगद्यात वरून ऊन पडलं होतं. डॉक्टरांनी दातांच्या हत्यारांनी एकेक दगड कोरून आतल्या भिंती केल्या होत्या. त्या आजवर कोणाला दिसल्याच नव्हत्या. फोनच्या पडद्यावर ते बघताना चष्मेवाल्याने मान हलवली. डॉक्टरांनी तिकडे बघायचं टाळलं आणि फिल्म पाठवून दिली.

दोन दिवसांनी मंडळाचं उत्तर आलं. फिल्म सर्वांना पसंत पडली होती. कापलेल्या डोंगराची कल्पना तर इतकी आवडली, की प्रदर्शनात सगळ्यांनीच आपापले डोंगर वरून उघडे करावेत, असं ठरलं होतं.

संध्याकाळी चष्मेवाल्याचा फोन आला. "डॉक्टर, माझ्याच्याने होत नाही. तुम्ही याल?"

डॉक्टर करवत घेऊन निघाले. बऱ्याच दिवसांत ते असे खुशीत घराबाहेर पडले नव्हते. चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत हिरवागार, नीटनेटका डोंगर उभा होता. चष्मेवाला त्याच्यापुढे हात जोडल्यासारखा उभा राहिला. डॉक्टरांनी करवत टेकवली, त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि क्षणभर थांबले.

"फार वेळ लागेल का?" चष्मेवाल्याने विचारलं.

"नाही हो," डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले. "तुम्ही जरा डोळे मिटून बसा."