जगाच्या शेवटाला मुदतवाढ

गेल्या हिवाळ्यात ज्या रविवारी जगाचा शेवट व्हायचा होता, त्या दिवशी सकाळी शमुवेल पगारे यांनी फोनवरून गॅसचा सिलिंडर नोंदवला.

पगारेकाका माझे शेजारी. शरणपूर रोडच्या मागे आमची सोसायटी आहे, तिसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर. शेवटाची तारीख त्यांनीच काढली होती. मी वर्तमानपत्रात काम करतो, त्यामुळे सिलिंडरबद्दल विचारणं भाग होतं.

"गणितात ‘हे’ नावाचं हिब्रू अक्षर राहून गेलं होतं," ते म्हणाले. "त्याची किंमत पाच. शेवट पाच वर्षं पुढे गेला. पत्रकार, लिहून घ्या."

‘लिहून घ्या’ ते दर दोन वाक्यांनंतर म्हणतात. आजवर मी काही लिहून घेतलं नव्हतं.

काकांची सगळी नोकरी एसटीत, बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत झाली. ‘गाडी येणार हे नक्की, वेळेचं सांगता येत नाही’ हे वाक्य त्यांनी तिथे इतक्यांदा म्हटलं की जगाच्या शेवटी प्रभूच्या परत येण्याबद्दलही ते त्याच सुरात बोलतात. हिब्रू अक्षरं त्यांना मराठी बायबलातच सापडली. एकशे एकोणिसाव्या स्तोत्राच्या भागांवर आलेफ, बेथ, गीमेल अशी नावं छापलेली असतात. ती अक्षरं म्हणजे आकडेही आहेत आणि प्रत्येकात एक चित्र दडलेलं आहे, हे त्यांना निवृत्तीच्या आसपास कळलं. तेव्हापासून त्यांना साधं असं काही दिसत नाही. बेथ म्हणजे घर, बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर. म्हणून कोपऱ्यावरच्या बेकरीला ते बेथलेहेम म्हणतात, आणि पाव शिळा निघाला की बेकरीवाल्याला तारणाऱ्याच्या जन्मगावाची लाज राखायला सांगतात.

एमएच १५ हा त्यांचा सर्वांत मोठा शोध. योद म्हणजे दहा, ‘हे’ म्हणजे पाच. दोन्ही मिळून ‘याह’, म्हणजे खुद्द देवाचं नाव. यहुदी लोक आदरापोटी पंधरा तसा लिहीतच नाहीत, नऊ आणि सहा मिळवून लिहितात. नाशिकच्या गाड्या मात्र ते नाव पुढे-मागे लावून फिरतात. त्यामुळे नाशिकच्या पाटीची रिक्षा पायावरून गेली तरी काका तिला वाईट बोलत नाहीत. पुण्याच्या एमएच १२ला बोलायला त्यांची हरकत नसते.

त्यांच्या हॉलमध्ये शाळेतला असतो तसा काळा फळा आहे. त्यावर बायबलातली दानीएलाची सप्तकं, प्रकटीकरणातले शिक्के आणि या सगळ्यांच्या बेरजा हिब्रूसारख्या उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या असतात. वर्तमानपत्रही ते शेवटच्या पानापासून उघडतात. मार्थाकाकूंचं यावर एकच म्हणणं असतं, की उजवीकडून करा नाहीतर डावीकडून करा, आधी मेथी निवडून द्या.

त्यांना एक मुलगा आहे, योहान. सिन्नरच्या एमआयडीसीत नोकरी करतो. आठ वर्षांपूर्वी त्याचं लग्न मनमाडच्या एका मुलीशी ठरत होतं. मुलीचे वडील तारीख धरायला आले, तेव्हा काकांनी त्यांना फळ्यासमोर बसवलं आणि वर्षअखेरीस प्रभू येत असल्याने हॉलच्या बुकिंगमध्ये पैसे घालू नका असं समजावलं. पाहुण्यांनी चहा घेतला आणि मुलगी दुसरीकडे दिली. योहान बॅग घेऊन सिन्नरला गेला. तो आईला फोन करतो. घरी येत नाही. ते वर्ष नेहमीसारखं संपलं.

काकांनी तारखा काढणं सोडलं नाही. पण त्यानंतर प्रत्येक तारीख रविवारची निघाली आणि आदल्या दिवशी, शनिवारी, पुढे गेली. कधी एक अक्षर राहिलेलं असे, कधी लीप वर्ष. ही चौथी वेळ होती.

सोसायटीची त्यांच्याबद्दल तक्रार वेगळीच आहे. ते जाळीच्या दाराला कडी लावत नाहीत. चोऱ्या होतात म्हणून सेक्रेटरींनी नोटीस लावली. काकांनी नोटिशीखाली ‘हे’ अक्षर काढून दाखवलं. वर छप्पर, उजवीकडे खांब, डावीकडचा खांब छपराला टेकत नाही. खालची बाजू उघडी, ज्याला जायचं त्याने जावं. वरची फट परत येणाऱ्यासाठी. जुन्या यहुदी धर्मगुरूंनी, रब्बींनी, हे सांगून ठेवलंय, असं ते म्हणाले. नोटीस सोसायटीच्या नियमाप्रमाणे आहे, असं सेक्रेटरी म्हणाले.

त्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे चहाला होतो. काकू मेथी निवडत होत्या. दरवेळी चूक शनिवारीच कशी सापडते, असं मी विचारलं. काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान वर केली नाही.

"प्रभू आला की दार लागतं, पत्रकार," काका म्हणाले. "मग बाहेरचा तो बाहेरच राहतो. आणि आमचा एक अजून बाहेर आहे."

या वेळी ते ‘लिहून घ्या’ म्हणाले नाहीत.

चारच्या सुमारास कुणीतरी बेल न वाजवता जाळीचं दार ढकललं. हेल्मेट हातात धरलेला पस्तिशीचा माणूस आत आला. कान काकांचेच होते. काकू उठल्या आणि पुन्हा बसल्या.

"सलाम, पप्पा," योहान म्हणाला. "चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर वाचलं, आज शेवट आहे. म्हटलं कंपनीला सुट्टीच आहे, जाऊन यावं."

"पुढे गेला," काका म्हणाले.

"किती?"

"पाच वर्षं."

योहानने हेल्मेट टीपॉयवर ठेवलं. कंपनीतल्याच एका मुलीशी लग्न करायचं आहे, घर सिन्नरला, तिचे आईवडील मे महिन्यातली तारीख धरा म्हणतात, असं त्याने सांगितलं. सांगताना तो आईकडे बघत होता. मग वडिलांकडे वळला.

"विचारून सांगतो म्हणालोय त्यांना. मे महिन्यात जग आहे ना?"

काका फळ्यापाशी गेले. उजव्या टोकापासून डाव्या टोकापर्यंत त्यांनी सगळा हिशेब एकदा पाहिला. मग काकूंच्या समोरचं ओलं फडकं घेतलं आणि फळा पुसला.

"आहे," ते म्हणाले. "लिहून घ्या."

हे मला उद्देशून होतं की योहानला, ते स्पष्ट झालं नाही. काकूंनी मेथीची अर्धी जुडी योहानपुढे सरकवली. मी घरी आलो.

संध्याकाळी सातच्या सुमारास समोरच्या जाळीच्या दाराला आतून कडी लागली. खाली पार्किंगमध्ये योहानची मोटरसायकल उभी होती.