कापलेला शेवट

सिनेमा सुरू होऊन सतरा मिनिटं झाली की स्तंभलेखकाला झोप लागत असे. सिनेमा चांगला असो की वाईट, या बाबतीत तो कधी पक्षपात करत नसे. मान एका बाजूला कलायची, तोंड किंचित उघडायचं आणि दिवे लागल्यावर तो डोळे चोळत म्हणायचा, "पार्श्वसंगीत ऐकत होतो. डोळे मिटल्याशिवाय ते कळत नाही."

अकरा वर्षं तो दर रविवारी 'उघड्या डोळ्यांनी' नावाचा स्तंभ लिहीत होता. आठवडाभर पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या खिडकीमागे बसायचं, शुक्रवारी बायकोबरोबर सहाचा खेळ गाठायचा, शनिवारी सकाळी मजकूर द्यायचा, असा त्याचा नेम होता. त्या खिडकीपाशी त्याला रोज शिव्या मिळत आणि स्तंभामुळे नमस्कार मिळत. स्तंभ गेला असता तर त्याच्याकडे नुसत्या शिव्याच उरल्या असत्या, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

स्तंभात सिनेमा असे, चालू घडामोडी असत, शहरातले खड्डेही असत, आणि त्यातलं बहुतेक सगळं बायकोचं असे. घरी परतताना बसमध्ये ती बोलायची आणि हा ऐकायचा. "नायक इतका गरीब, की त्याच्या घरातले पडदेसुद्धा एकाच रंगाचे," ती म्हणायची. बस खणलेल्या रस्त्यावर अडकली की म्हणायची, "यांचं नक्की काय हरवलंय ते एकदा सांगून टाकावं. सगळे मिळून शोधू." रविवारी ही वाक्यं त्याच्या नावावर छापून यायची. पाहुण्याच्या काठीनं साप मारावा तसा हा प्रकार होता, पण त्यालाही एक वेळ तिची हरकत नसती. हा गृहस्थ तेवढ्यावर थांबत नसे. स्तंभात एक 'सौ.' होत्या. त्या भोळ्या होत्या. लेखकाची कोटी त्यांना कधीच कळत नसे आणि मग लेखक ती वाचकांकडे बघून डोळा मारत समजावून सांगत असे.

बायको शाळेत सातवीला शिकवायची. त्या सोमवारी मधल्या सुट्टीत चित्रकलेच्या बाईंनी स्तंभ मोठ्याने वाचला. त्यात रस्त्याचं वाक्य होतं आणि त्यापुढे लिहिलं होतं, 'सौ.नी निरागसपणे विचारले, अहो, कोणाचं काय हरवलंय?' शिक्षकांची खोली हसली. "बाई, तुम्हाला खरंच कळलं नव्हतं का हो?" चित्रकलेच्या बाईंनी विचारलं.

"नाही ना," ती म्हणाली आणि डबा बंद केला.

घरी आल्यावर ती वह्या तपासायला बसली. बावीस वर्षं ती कॉपी करणारी मुलं पकडत आली होती आणि त्याची तिची एक रीत होती. उत्तर बरोबर असेल तर चोर सापडत नाही. चूक सारखी असेल तरच सापडतो. म्हणून संशय आला की ती वर्गातल्या हुशार मुलीला सांगून ठेवायची, "पाचव्या प्रश्नाचं उत्तर आधी चुकीचं लिही, मी खूण केली की खोड." तोवर मागच्या बाकावर ती चूक उतरलेली असायची.

त्या शुक्रवारी एका प्रामाणिक इंजिनिअरवरचा सिनेमा होता. निकृष्ट पूल बांधू दिला नाही म्हणून इंजिनिअर मरतो आणि शेवटी मंत्र्याला पश्चात्ताप होतो. मंत्री रडतो, इंजिनिअरची बायको त्याला माफ करते, मग सगळे मिळून गातात. स्तंभलेखक सतराव्या मिनिटाला गेला होता. बसमध्ये त्याने सवयीने विचारलं, "शेवट कसा वाटला तुला?"

"शेवट बरा केलाय," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पुलाला त्याचं नाव देतात. मंत्री भाषण करतो आणि चिठ्ठीत बघूनही नाव चुकीचं वाचतो. पहिल्या रांगेत इंजिनिअरची बायको बसलेली असते. ती शांतपणे उठते आणि बस पकडायला निघून जाते. मग नुसती रिकामी खुर्ची दाखवलीय. मंत्र्याला पुढचं बोलता येत नाही. तो पाणी मागतो. संपलं."

"हं. मलाही तेच वाटलं," तो म्हणाला.

रविवारी ती खुर्ची छापून आली. 'अशी खुर्ची आपल्या पडद्यावर आजवर कोणी ठेवली नव्हती,' असं त्याने लिहिलं होतं. 'सौ.नी विचारले, अहो, ती बाई पाणी प्यायला गेली का?' असंही लिहिलं होतं.

रविवारी संध्याकाळी चित्रपटगृहात गाणं संपलं, दिवे लागले, तरी पन्नासेक माणसं जागची हलेनात. "संपला सिनेमा," व्यवस्थापक म्हणाला.

"खुर्ची राहिली," एक आजोबा म्हणाले.

"कुठली खुर्ची?"

"पेपरात आलीय ती. आम्ही तिच्यासाठी आलोय."

व्यवस्थापकाने शपथा घेतल्या. पण माणसाला एकदा फसवलं गेल्यासारखं वाटलं, की त्याला खरं सांगणाराच चोर वाटू लागतो. सोमवारी शहरभर झालं, की शेवट कापला. कोणी कापला, हे मंगळवारी विरोधी पक्षाने सांगितलं. मंत्र्याची फजिती सरकारला सोसली नाही, असं त्यांचं म्हणणं. बुधवारी सत्ताधारी पक्षाच्या कार्यकर्त्यांनी चित्रपटगृहासमोर घोषणा दिल्या, की असलं अपमानास्पद दृश्य दाखवू देणार नाही. एक गट म्हणत होता दाखवा, दुसरा म्हणत होता दाखवू नका, आणि दृश्य बिचारं अजून जन्मालाच यायचं होतं. शुक्रवारच्या त्या खेळाला हजर असलेले सहा जण पुढे आले आणि आपणही खुर्ची पाहिल्याचं त्यांनी ठामपणे सांगितलं. त्यातल्या एकाच्या आठवणीप्रमाणे खुर्ची लाल होती.

स्तंभलेखकाच्या कानावर हे आलं ते सोमवारीच. घरात पाऊल टाकताच त्याने विचारलं, "अगं, ती खुर्ची होती ना?"

"तुम्ही शेजारीच होतात की," बायको म्हणाली. ती वह्या तपासत होती.

"नाही म्हणजे, मी पार्श्वसंगीत..."

"मग संगीतावर लिहायचंत."

तो समोर बसला. एकेक वही बाजूला जात होती आणि ती मान वर करत नव्हती. शेवटी त्यानेच विचारलं, "मुद्दाम सांगितलंस?"

"सातवीत असं करणाऱ्याला मी तासभर उभं करते," ती म्हणाली. "तुम्ही बसा. तुमचे गुडघे दुखतात."

आता खरं सांगावं तर अकरा वर्षांची झोप बाहेर पडणार, आणि न सांगावं तर खोटं फुगत जाणार. त्याने फुगू दिलं. गुरुवारी एका वाहिनीची वार्ताहर कॅमेरा घेऊन तक्रारींच्या खिडकीपाशी आली. नळाला गढूळ पाणी येतं म्हणून बाटली घेऊन आलेली मंडळी बाटल्यांसकट मागे सरकून उभी राहिली.

"अख्खा सिनेमा पाहिलेले समीक्षक तुम्ही एकटेच. रिकाम्या खुर्चीनंतर काय होतं?"

"ते दिग्दर्शकाने प्रेक्षकांवर सोडलंय," स्तंभलेखक म्हणाला. इतकं बरं वाक्य त्याच्या तोंडून स्वतःहून पहिल्यांदाच निघालं होतं, आणि तेही दुसऱ्या कुठल्यातरी मुलाखतीत ऐकलेलं होतं.

निर्मात्याची तर चांदी झाली होती. तोवर त्याने दोन दिवसांत एका मंगल कार्यालयात एक खुर्ची ठेवली, मंत्री झालेल्या नटाला पुन्हा बोलावलं आणि जाहीर केलं, की लांबी वाढते म्हणून काढलेलं दृश्य लोकाग्रहास्तव परत घालत आहोत. खुर्ची लालच होती. विरोधकांनी हा आपला विजय मानला. सत्ताधाऱ्यांनी मंत्री शेवटी पाणी पितो, म्हणजे आमच्या काळात पाणी आहे, असं सांगितलं. संपादकांनी स्तंभलेखकाच्या पाठीवर थाप मारली.

"अशी नजर असावी लागते हो! लिहीत राहा."

त्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि शुक्रवारी तो नेहमीसारखा दारात उभा राहून म्हणाला, "चल, सहाचा आहे."

"तुम्ही या जाऊन," बायको म्हणाली. "मी यापुढे नाही येणार."

"रागावलीस?"

"नाही. कंटाळले. माझी वाक्यं मी बोलते आणि मग मलाच ती कळत नाहीत. पुरे झालं."

तो एकटा गेला. दोन कप कडक कॉफी प्यायला, मांडीला चिमटे घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदा सबंध सिनेमा जागेपणी पाहिला. परतताना बसमध्ये त्याने बाहेर बघितलं. रस्ता खणलेला होता. खणलेला रस्ता बघून त्याच्या मनात एकच विचार आला, की रस्ता खणलेला आहे. शनिवारी सकाळी चार तास कागदापुढे बसून त्याने लिहिलं, 'कथा बरी आहे. छायाचित्रण चांगले आहे. गाणी श्रवणीय आहेत. शहरात वाहतुकीची समस्या गंभीर होत चालली आहे. चित्रपट एकदा पाहायला हरकत नाही.' सौ. त्यात नव्हत्याच. त्या काय विचारतील, हेही त्याला सुचलं नाही.

आपलं बिंग फुटणार, स्तंभ जाणार, या धास्तीने त्याचा रविवार कसाबसा सरला. सोमवारी सकाळी संपादकांचा फोन आला.

"वाचला. मस्त जमलाय," संपादक म्हणाले. "नेहमीसारखाच."

कचेरीत साहेब म्हणाले, "छान हो. नेहमीसारखा." शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने तर एक वाक्य पाठ म्हणून दाखवलं. ते छायाचित्रणाचं होतं.

आधी त्याला हायसं वाटलं. दुपारपर्यंत ते हायसं वाटणं आंबलं. एकदाही जांभई न देता अकरा वर्षं तिने बघितलेलं, चिडून, हसून, बसच्या दांड्याला लोंबकळत बोललेलं सगळं या लोकांच्या डोळ्यांखालून गेलं होतं आणि त्यांना फरकच कळला नव्हता. त्याला त्यांची चीड आली. स्वतःची तर त्याहून जास्त आली, कारण तिला ज्यांच्यापुढे त्याने बावळट ठरवलं होतं, ती माणसं ही होती.

घरी जाईपर्यंत त्याने ठरवून टाकलं. बूट काढता काढता तो म्हणाला, "आज लोकांनी भंडावून सोडलं बघ. संपादक म्हणाले, यात काहीतरी कमी आहे. साहेबसुद्धा म्हणाले, की या वेळी मजा नाही. सगळ्यांच्या लक्षात आलं. तू नव्हतीस ना."

बायकोने लाल पेन खाली ठेवलं.

"आमच्याकडे चित्रकलेच्या बाईंनी आज मोठ्याने वाचला," ती म्हणाली. "नेहमीएवढेच हसले सगळे."

तो एका हातात बूट धरून तसाच उभा राहिला.

"अकरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यानं काहीतरी रचलंत," ती म्हणाली. "तेही माझ्यासाठी. आणि तेही पकडलं गेलं."

मग तिने पुढची वही उघडली.