दगाआबांची पाठ आणि माझा ज्युदो

दगाआबा कधीच उताणे झोपत नसत. डावी कूस, उजवी कूस, फार तर पालथे. पाठ म्हणून कशाला टेकवायची नाही, खाटेला नाही आणि भिंतीलाही नाही. धुळ्याहून अमळनेरला एसटीने जाताना ते सबंध वाट खांबासारखे ताठ बसत. मागच्या बाकावरच्या लोकांना वाटे, तिकीट तपासणारा साहेब बसलाय, आणि ज्यांनी तिकीट काढलेलं असे तेसुद्धा खिसे चाचपत. सलूनमध्ये खुर्ची मागे कलंडवली की हे तेवढ्याच वेगाने पुढे येत, म्हणून सलूनवाला त्यांची दाढी उभ्यानेच करी. एकदा पोटात दुखलं, तेव्हा डॉक्टरांनी टेबलावर झोपायला सांगितलं. आबा म्हणाले, "उभ्यानं तपासा. पोट काय झोपल्यावर बदलस?"

याला कारण होतं. आबांनी ऐन उमेदीची वर्षं खान्देशातल्या जत्रांमध्ये कुस्त्या खेळण्यात घालवली. पारोळ्यापासून पार नंदुरबारपर्यंत कुणी त्यांची पाठ मातीला लावू शकलं नव्हतं. जे पहिलवानांना जमलं नाही ते खाटेला का जमू द्यायचं, असा त्यांचा हिशेब. "पाठ म्हंजे इज्जत शे माय," ते मला सांगत. "ती काय कोठेबी टाकानी वस्तू शे?"

आम्ही धुळ्याच्या देवपुरात त्यांच्या शेजारी राहायला आलो ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. आबा तेव्हा सत्तरीला टेकले होते, म्हणजे टेकले नव्हतेच, ताठ उभे होते. घरात एकटे. मुलगा सुरतेला कापड गिरणीत. आबांचे दोन्ही कान कुस्तीने मोडून, तळणीत बिघडलेल्या पुरीसारखे आत वळलेले. त्या कानांनी त्यांना सोयीचं तेवढंच ऐकू येई. आणि कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं, "मातीले इचार." यंदा कापूस कसा निघेल? मातीले इचार. नळाला पाणी कधी येईल? मातीले इचार. मी एकदा विचारलं, "आबा, साखर महागली का हो?" तर क्षणभर थांबून म्हणाले, "ते वाण्याले इचार." म्हणजे अगदीच विवेक नव्हता असं नाही.

ही माती म्हणजे आमच्या घरांमागे, पांझरा नदीच्या काठावरच्या त्यांच्या तालमीतली. एक पत्र्याची लांबट खोली, कोनाड्यात मारुती आणि मधोमध तांबड्या मातीचा हौदा. आबा रोज पहाटे ती माती फावड्याने खणत, तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबू घालत. तिचे जितके लाड होत तितके आमच्या घरात जावयाचेही पुढे झाले नाहीत. पूर्वी तिथे तीस-तीस मुलं घुमत असत म्हणे. मी पाहिलं तेव्हा चार उरली होती, आणि त्यातला एक फक्त खुराकाचं दूध आवडतं म्हणून येई. बाईमाणसाला मात्र उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायची बंदी. तालमीचा नियमच तो.

अशात आमच्या कॉलनीत ज्युदो आला.

देशमुख मॅडम म्हणून एक तरतरीत बाई नवऱ्याच्या बदलीमुळे धुळ्यात आल्या आणि त्यांनी शाळेचा हॉल संध्याकाळपुरता मागून घेतला. जपानी चटया कुठून आणणार? जिनिंगमधून सरकी काढलेला कापूस आणून जाड गाद्या भरल्या, वरून ताडपत्री ताणली. पहिल्या आठवड्यात कॉलनीतली झाडून सगळी मुलं तिकडे धावली. पांढरे डगले, रंगीत पट्टे, जपानी आकडे. आबांच्या चारातली तीन गेली. दूधवाला तेवढा राहिला.

मॅडमनी मोठ्यांचीही तुकडी काढली आणि तिच्यात पहिलं नाव घातलं मी. तेव्हाची मी म्हणजे एक प्रकरणच होतं. वय एक्केचाळीस, वजन अडुसष्ट, आणि कुठल्याही नव्या गोष्टीत पहिल्या दिवशी शहाणी व्हायची घाई. ज्युदोचा डगला घरी आणला, नीळ घातली, खळीत बुडवला आणि नवऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यासारखा कडक इस्त्री करून नेला. हॉलमध्ये पिशवीतून काढला तर तो जमिनीवर आपला आपण उभा राहिला.

"काकू," मॅडम म्हणाल्या, "यात डगला धरूनच डाव करायचा असतो. हा धरायचा कुठे?"

माझ्या जोडीदारणीच्या नखाखाली खळीचे पापुद्रे गेले. मी हात वर केला की काखेत पापड मोडल्यासारखा आवाज येई. तरी मी दोन महिन्यांत, खालून दुसरा का होईना, पिवळा पट्टा मिळवला. तो वाळत घालायच्या निमित्ताने तीन दिवस पुढच्या दोरीवर टांगून ठेवला होता. धुतला एकदाही नव्हता.

मग कंपाउंडच्या भिंतीवरून माझं आणि आबांचं रोज जुंपू लागलं.

"आमच्यात पट्ट्याला मान आहे आबा."

"आमनामा लंगोटले शे."

"तुमच्यात चाळिशीनंतर माणूस काय करतो? मी एक्केचाळीसला सुरू केलंय."

"चाळिशीनंतर पहिलवान पंच व्हस. खुर्चीवर बसस आन् दुसऱ्याना चुका काढस." ही व्यवस्था त्यांना अगदी योग्य वाटे.

मी त्यांना हाताने हवेत एक डाव करून दाखवला. पाठीवर घेऊन खांद्यावरून टाकायचा. त्याचं जपानी नावही ऐटीत सांगितलं.

"धोबीपछाड," आबा म्हणाले.

"नाही हो, जपानी आहे तो."

"जपानना लोके कपडा धोतस का नही?"

एका बाबतीत मात्र आमचं कधीच जमेना. आबांच्या तालमीत पोर पहिल्या दिवशी शिके ते पाय रोवून उभं राहायला. पाठ लागली की संपलं. आमच्या हॉलमध्ये पहिले पंधरा दिवस फक्त पडायचं. हनुवटी छातीशी, पाठ गोल, हात गादीवर चापट मारल्यासारखा आपटायचा आणि उठायचं. आबांनी हे खिडकीतून पाहिलं आणि त्यांना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. वीस पोरं एकदम स्वतःहून उताणी पडत होती आणि मॅडम "शाब्बास" म्हणत होत्या.

"फी दीसन पडतस," ते मला म्हणाले. "बठ्ठास्नी, वीसना वीस पोरेस्नी पाठ लावी टाकी त्या बाईनी. हारानी शाळा शे ती."

दूधवाला पोरगा पण ज्युदोला आला त्या आठवड्यात आबा भिंतीपाशी आले नाहीत. पहाटे फावड्याचा आवाज मात्र यायचा. एकाही पहिलवानाविना ते माती खणत होते. शहाण्या बाईने अशा वेळी गप्प बसावं. मी तालमीच्या दाराशी त्यांना चिडवायला गेले. "काय आबा, आता मातीनं कुणाला विचारायचं?"

आबांनी फावडं भिंतीला टेकवलं. "एक काम कर माय. तुम्हनामाधला कोन्हीबी एक जन मनी पाठ लावी दे. लावी तं मी तालीमले कुलूप ठोकस, किल्ली तुना हातमा देस. नही लावी तं कॉलनीना बठ्ठा पोरे माले परत."

मॅडमना विचारलं, त्या हात जोडून नको म्हणाल्या. सत्तरीच्या माणसाशी कसली झुंज? मी म्हणाले, "मी आहे ना." माझ्याकडे पिवळा पट्टा होता.

रविवारी सकाळी हॉल भरला. आबा धोतरावर उसना ज्युदोचा डगला घालून आले. त्यांनी वाकून गादीला हात लावला, हात कपाळाला लावला आणि मग हाताकडे बघितलं. त्याला काहीच चिकटलं नव्हतं. त्याचं त्यांना फार वाईट वाटलेलं दिसलं.

मॅडमनी इशारा केला. मी झेपावले. आबा उभेच.

"धरा ना आबा," मी म्हणाले.

"लेकीले हात कसा लावू?" त्यांनी दोन्ही हात मागे बांधले. "तू कर तुनं."

मी माझं केलं. डगला धरला, ओढलं. पाय आडवा घातला, तो दगडात घातल्यासारखा. पाठीवर घ्यायला गेले तर मीच त्यांच्या पोटाला लटकले. आमचे हे दाराशी तोंडावर रुमाल धरून उभे होते आणि रुमाल हलत होता. मागून कुणीतरी म्हणालं, "काकू, खांब सोडा, छप्पर खाली येईल." तेवढ्यात मी सगळं बळ एकवटून मागे झोक दिला, हातातला डगला सुटला आणि मी अडुसष्ट किलोंसकट हवेत उताणी झाले.

धाड. सगळा हॉल हादरला.

त्या आवाजाने आबांचा चेहरा जो झाला तो मी कधी पाहिला नव्हता. ओठ पांढरे. ज्या माणसाने लेकीला हात लावायचा नाही म्हणून हात मागे बांधले होते तो माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसून माझं डोकं धरायला बघत होता. "माय, तुले लागनं का? हालू नको. कोनी हालाडू नका तिले. कंबर दखा. कंबर दखा तिनी."

आणि मी हसत होते. मला काहीसुद्धा झालं नव्हतं. हनुवटी छातीशी गेली होती, हात वेळेवर आपटला होता. आयुष्यात मला बरोबर आलेला तो एकमेव डाव. मी उठून उभी राहिले, कुंकू पुसलं गेलं होतं तेवढंच.

आबा गादीवर बसूनच होते. "तू पडनी," ते म्हणाले. "आन् हासी ऱ्हायनी."

मुलांनी टाळ्या पिटल्या. पैज आबांनी जिंकली होती. सगळ्यांनी वाट पाहिली. आबांनी डगला काढून नीट घडी करून मॅडमच्या हातात दिला आणि निघून गेले.

संध्याकाळी मी अंबाडीची भाजी आणि उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकर घेऊन गेले. तोंड लहान करून म्हणाले, "आबा, हरले मी. उद्यापासून सगळी पोरं पाठवते. माझी मुलगी नाही पाठवता येणार, तिथे बंदी. पण मुलगे सगळे."

"पोरे नको."

मला वाटलं रुसले.

"पोरेस्ले हाड शेत. पडतीन, उठतीन." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. भिंतीवर त्यांच्या बायकोचा फोटो होता. आम्ही राहायला आलो त्याआधीच त्या गेल्या होत्या, मला त्या फोटोपुरत्याच ठाऊक. कशा गेल्या ते मी कधी विचारलं नव्हतं. साखरेचा भाव विचारला होता.

"मोरीमा पाय घसरना तिना," आबा म्हणाले. "आठे, ह्या दारपाशी. मी ओटावर बसेल व्हतू. आवाज उना. कंबर मोडनी. तीन महिना खाटवर व्हती, उठनी नही." त्यांनी मोडलेला तुकडा परत भाकरीला जुळवून ठेवला. "साठ डाव शिकनू मी. साठबी दुसऱ्याले पाडाना. घरमा एक माणूस, तिले पडानं कसं ते नही शिकाडं. मालेच येत नव्हतं."

मी भाजीची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

"म्हाताऱ्या पाठाव," आबा म्हणाले. "कॉलनीन्या बठ्ठ्या. तुना मॅडमले बी सांग. गादी कडक शे तुम्हनी, मनी माती नरम शे."

"आणि बंदी?"

"मारुतीले इचारं मी आत्ते. तो काही बोलना नही. म्हंजे हा."

तालमीत त्या आठवड्यात पहिल्यांदा बायकांची पावलं उमटली. सात म्हाताऱ्या, नऊवारीचे काष्टे घट्ट मारलेल्या, आणि आठवी मी, मॅडमची मदतनीस. पहिल्या दिवशी कुणी पडेना. सगळ्या एकमेकींना "आधी तू" म्हणत मारुतीसमोर लाजत उभ्या. शेवटी धर्मी आजी म्हणाल्या, "सासूनी इतलं उभं ठेयं, आते बसू तरी द्या," आणि बुडावर बसता बसता मागे गोल झाल्या, हात आपटला आणि मातीत पडल्या पडल्या खो खो हसायला लागल्या. मग काय, ओळीने सगळ्या पडल्या. केसांत हळदीची माती, दातांत माती. घरी सुना विचारायच्या, कुठल्या देवाला गेला होता.

आबांनी माती एक वीत जास्त खणली होती. खडा म्हणून शिल्लक नव्हता, चाळून घेतली होती. ते स्वतः आत येत नसत. बायका असताना पुरुषाने येऊ नये, हा त्यांनी केलेला नवा नियम. दाराबाहेर, बाजूला तोंड करून बसत. पण कान मोडलेले असले तरी आमचं पडणं त्यांना नेमकं ऐकू येई. आत धप्प झालं की ते अर्धे उठत. मग त्या म्हातारीच्या बांगड्या वाजत, ती उठून दुसरीला काही बोले, कुणी हसे, आणि आबा सावकाश खाली बसत. पुन्हा धप्प. पुन्हा अर्धे उठलेले. मॅडमनी त्यांच्यासाठी शाळेतली खुर्ची आणून ठेवली होती, पण आम्ही आठजणी आलटून पालटून पडत असू, त्यामुळे तिच्यात त्यांचं धड बसणं काही झालं नाही.