घरं बांधणारे बाबण्णा

"तुमच्यात भांडण झालं की कोण कुठं जाऊन बसतंय?"

घर बांधायला निघालेल्या माणसाला कंत्राटदारानं विचारलेला हा पहिला प्रश्न. मी बनशंकरीकडच्या आमच्या प्लॉटवरचं घर चौकटीच्या कागदावर नीट आखून ठेवलं होतं. बाबण्णांनी त्यावर चहाचा कप ठेवला आणि उत्तराची वाट पाहत बसले. मी बायकोकडे, सुधाकडे, पाहिलं. ती छताकडे पाहत होती.

"आम्ही भांडत नाही," मी म्हणालो.

"हा जिन्यावर जाऊन बसतो, ती देवघरात," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "आणि हाका मारल्या तरी दोघंही जेवायला येत नाहीत."

"सरी!" बाबण्णांनी समाधानानं मान डोलावली. "म्हणजे जिना रुंद पाहिजे, आणि देवघराला खिडकी पाहिजे."

ही साठ सालानंतरची गोष्ट. मी साताऱ्याहून बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून आलो होतो आणि चामराजपेटेत भाड्यानं राहत होतो. गावाबाहेर प्लॉट पडू लागले होते, आणि ज्याला त्याला आपलं घर हवं होतं. बाबण्णा निपाणीकडचे. धिप्पाड देह, विटका काळा कोट, मराठी सीमेवरचं. पाया खणण्याआधी ते गिऱ्हाइकाच्या राहत्या घरी एक अख्खा दिवस नुसते बसून काढत. आधी कोण उठतं, ओला टॉवेल कुठं पडतो, म्हातारं माणूस पेपर कुठल्या उजेडात वाचतं, सगळं बघत. कुणी मध्येच काही विचारलं तर, "स्वल्प थांबा, बघालोय की!"

एका वकिलांच्या स्वयंपाकघरात ते इतका वेळ बसले, की वकिलीणबाईंनी वैतागून त्यांच्यापुढे घेवड्याच्या शेंगा ठेवल्या. शेंगा मोडता मोडता बाबण्णांच्या लक्षात आलं, की बाई डावऱ्या आहेत. त्यांच्या नव्या घरातला ओटा, मोरी, फळ्या, सगळं डाव्या हाताला आलं. वकीलसाहेबांना त्या स्वयंपाकघरात साधं पाणीही धड घेता येत नसे. बाई मात्र खूष होत्या.

या धंद्यात कसे आलात, असं मी विचारलं तेव्हा ते हसले. "आधी मी राजवाडे बांधत होतो. संध्याकाळी उभा करायचा, पहाटे बैलगाडीत घालायचा."

ते एका नाटक कंपनीत सुतार होते. बोलपट आले, प्रेक्षक आटले, आणि बंगळूरच्या मुक्कामातच कंपनी मोडली. राजा व्हायचे ते गृहस्थ विमा विकू लागले. बाबण्णा चामराजपेटेत दारं-खिडक्या करू लागले. असंच एका घराचं दार बसवायला गेले असताना तिथला कंत्राटदार भांडून निघून गेला, आणि मालक म्हणाला, आता तुम्हीच पुरं करा. त्यांनी केलं. त्यानंतर त्यांनी बांधलेलं काही मोडून गाडीत घालावं लागलं नाही, याचंच त्यांना अप्रूप होतं.

आमचं घर छतापर्यंत आलं आणि आईनं जाहीर केलं, की ती तिथं राहायला येणार नाही.

"भाड्याचं घर होतं तोवर ठीक होतं. कधीतरी परत जाऊ, असं मनात होतं. आता तुम्ही इथलेच झालात. मला साताऱ्याला पोचवा."

साताऱ्यात तिचं कुणी उरलं नव्हतं. मी समजावलं, सुधा रडली. आईनं ट्रंक भरायला घेतली. बाबण्णा विटांचं काहीतरी विचारायला आले होते. ते मागे फिरले नाहीत, ट्रंकेशेजारी खाली बसले.

"अक्का, घर आवडलं नाही का?"

"घर चांगलं आहे हो. माझं नाही, एवढंच." मग ती जरा रागानंच म्हणाली, "तुमचं स्वतःचं आहे का कुठं?"

बाबण्णांनी हातातला हिशेबाचा कागद खाली ठेवला.

"निपाणीला बांधलं होतं. बायकोसाठी. कंपनीत असेपर्यंत ती माहेरीच होती. इथं धंदा लागला तसं पहिल्यांदा तिला घर बांधून दिलं. म्हटलं, हातातलं काम झालं की येतो. एक झालं की दुसरं यायचं." त्यांनी हात गुडघ्यावर घट्ट धरले. "ती गेली तेव्हा मी इथं कुणाचातरी सज्जा ओतत होतो. पोचलो. माणसं जमली होती. शेजारणीनं चहा ठेवला आणि मला विचारलं, साखर कुठंय. अक्का, माझ्याच घरात मला साखर ठाऊक नव्हती."

मग आईनं ट्रंकेचं झाकण लावलं.

"उद्या टांगा आणा," ती म्हणाली. "फळ्या कुठं हव्यात ते सांगते. तुम्ही फार उंच लावता."

वास्तुशांत झाली. माणसं राहायला गेली, की बाबण्णा त्या घराची पायरी चढत नसत. रस्त्यावरूनच "सगळं बरं ना?" विचारून पुढे जात. आमच्याकडेही तसंच चाललं होतं. एका दुपारी आई फाटकापर्यंत गेली आणि त्यांना हाताला धरून आत घेऊन आली.

त्यांनी चपला काढल्या, कोट सारखा केला. मला वाटलं, ती त्यांना बैठकीत बसवेल. पण ती त्यांना सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेली. फळीवरचा एकेक डबा उघडून दाखवू लागली.

"हे मीठ. ही डाळ. हे पोहे. आणि ही साखर. आम्ही कुणी घरी नसलो तर चहा करून घ्यायचा. किल्ली शेजारी असते."

बाबण्णा प्रत्येक डब्यात वाकून पाहत होते. चारही डबे बघून झाले, आणि ते हळूच म्हणाले, "अक्का, परत एकदा सांगा की."

आईनं पुन्हा पहिला डबा उघडला.