टाकीतला दिवा

टाकी पुन्हा भरून वाहिली तेव्हा शालिग्राम देवरे मास्तर मोरीच्या उंबऱ्याशी पाटावर बसून, भिंतीला डोकं टेकून झोपले होते. मांडीवर पुस्तक उघडं होतं आणि पाय पाण्यात होते. त्यांना जाग आली ती पाण्याने नव्हे, जिन्यावरच्या पावलांनी. खालच्या मजल्यावरचे घरमालक छगनभाई कापडाचा ओला तागा खांद्यावर टाकून वर आले होते.

“मास्तर, आ जुओ,” छगनभाई म्हणाले. ते मुळीच ओरडले नाहीत, म्हणून मास्तरांना जास्त भीती वाटली. “तुमचा पाणी माझ्या मालवर पडते. आता अजून एक वार पडला, तो रूम खाली करजो.”

गुजराती मुलखातल्या उधन्यात त्या वर्षी खोली मिळणं कठीण झालं होतं. खानदेशातून रोज माणसं उतरत होती आणि जिथे तिथे माग उभे राहत होते. शाळेजवळची ही खोली गेली तर मास्तरांना कुठे जायचं हे माहीत नव्हतं. नळाला पाणी पहाटे कधीतरी येई आणि त्याचा काही नेम नसे. ते भरून घेतलं नाही तर दिवस कोरडा, आणि नळ वेळेवर बंद केला नाही तर छगनभाईंचे तागे ओले. नळ आपोआप बंद करणारा तरंगता गोळा मास्तरांनी लावून पाहिला होता. नळातून येणारी रेती त्यात अडकली, आणि पहिला तागा तेव्हाच भिजला होता. त्यानंतर मास्तर राखणीला बसू लागले. दिवसा ते वर्गात पेंगत आणि पहाटे मोरीत.

“घंटी बसवतो,” ते बायकोला म्हणाले. “पाणी वर आलं की वाजेल.”

“पाण्यात वायर सोडायची नाही,” मालतीबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या. “मला त्याच पाण्यात हात घालायचा असतो.”

“मग बॅटरीवर चालवतो.”

“टॉर्चमधले सेल बघा आधी. मोरीत ठेवले आणि पाझरून टॉर्च गेली.”

मास्तर शाळेत विज्ञान शिकवत. वायर नको, बॅटरी नको, तरी पाण्यात दिवा लागायला हवा, हा विचार त्यांच्या डोक्यात बसला. समोरच्या खोलीत राहणारा दगा मागाच्या कारखान्यात कामाला होता. त्याने जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार आणून दिली. मास्तरांनी तिचं एक मोठं वेटोळं करून टाकीच्या वर कोरड्यात टांगलं आणि खोलीतल्या विजेला जोडलं. दुसरं लहान वेटोळं त्यांनी मेणात बुडवून लाकडाच्या फळीवर बसवलं आणि त्याला टॉर्चचा दिवा लावला. ही फळी पाण्यावर तरंगायची. पाणी चढलं की फळी वरच्या वेटोळ्याजवळ यायची, आणि वर फिरणारी वीज मधली हवा ओलांडून खालचा दिवा लावायची. दिव्याला कुठूनही वायर नव्हती.

मास्तरांनी बादलीने टाकी काठोकाठ भरली. दिवा लागला. मालतीबाई पदराला हात पुसत बघत राहिल्या. लग्नानंतर त्यांनी नवऱ्याकडे असं क्वचितच पाहिलं होतं.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “आणि हा लागलेला बघायला जागं कोण राहणार?”

याचा विचार मास्तरांनी केला नव्हता.

तोड धुरपदाबाईने काढली. ती दगाची बायको. नवऱ्याची पहिली पाळी असल्याने ती पहाटेच भाकरी थापायला बसे, आणि तिच्या चुलीसमोरच्या खिडकीतून मास्तरांची मोरी सरळ दिसे. “मी जागीच राहस ना,” ती म्हणाली. “दिवा लागना की हाक मारसू.”

दुसऱ्या पहाटे गॅलरीपलीकडून हाक आली, “मास्तर, दिवा लागना. उठा.” मास्तर उठले, नळ बंद केला आणि परत झोपले. असं काही दिवस चाललं. वर्गातल्या मुलांना मास्तरांचे डोळे घारे असल्याचं प्रथमच कळलं.

मग एका पहाटे धुरपदाबाई हाक मारून थांबली नाही. हंडा घेऊन दारात आली. “रोज तुमले उठाडस, मास्तर. माले एक हंडा भरू द्या.”

नाही म्हणायला तोंड नव्हतं. पण मजल्यावर टाकी एकट्या मास्तरांकडे होती, आणि हंडा घेऊन जाताना धुरपदाबाई बाकीच्यांना दिसली. शेवटच्या खोलीतल्या शोभाबाई, बँकेतल्या कारकुनाची बायको, बादली घेऊन आल्या.

“आज आमच्याकडेही कमीच आलंय हो,” मालतीबाई सवयीने म्हणाल्या.

“असं कसं? दिवा लागलाय ना,” शोभाबाई म्हणाल्या. “मी गॅलरीतून बघूनच आले.”

मालतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. या वेळचं पाहणं नेहमीचंच होतं. “एवढी वर्षं माझ्या टाकीत किती पाणी आहे ते माझं मला माहीत होतं,” त्या रात्री जेवताना म्हणाल्या. “आता तुम्ही दिवा लावून गावाला सांगता.”

पुढे दिवा लागायच्या आधीच बायका मोरीत येऊन बसू लागल्या. दिवा लागला की पहिला हंडा धुरपदाबाईचा, मग बाकीच्यांचा, असा नियम त्यांनीच ठरवला. मास्तरांची झोप पुन्हा गेली. आता तर पाटही बसायला मिळेना.

इकडे खाली छगनभाईंच्या रेडिओला रोग लागला होता. पहाटेच्या भजनात कुणीतरी सतत घोरत असल्यासारखा आवाज येई. रेडिओ दुरुस्तीवाल्याने तो खोलून पाहिला आणि आवाज वरच्या मजल्यावरच्या कुठल्यातरी विजेमुळे येतो असं सांगितलं. एका पहाटे जिन्यावर ती ओळखीची पावलं वाजली. भाड्यात फक्त एका दिव्याची वीज होती. मास्तर धावले आणि वेटोळ्याचं बटण त्यांनी बंद केलं.

छगनभाई मोरीच्या दारात आले. आत बायका हंडे घेऊन बसलेल्या.

“आ शुं छे? देऊळ आहे?”

“पाणी भरतोय,” मास्तर पुटपुटले.

“मग भरत कां नाही?”

“दिवा लागना नही ना आजून,” धुरपदाबाई म्हणाली. सगळ्या बायका विझलेल्या दिव्याकडे एकटक बघत होत्या. फळी टाकीच्या काठाला लागली होती. पाणी काठावरून शांतपणे खाली उतरलं, मोरीतून बाहेर आलं आणि छगनभाईंच्या पायांवरून पुढे गेलं. मास्तरांनी नळ बंद केला तोवर खालून मालकीणबाईंचा आवाज आला होता.

मास्तरांनी मान खाली घातली. “खोली केव्हा सोडू?”

“माल पर ताडपत्री छे,” छगनभाई म्हणाले. “मास्तरने काही शोध लावला असं ऐकलं, त्याच दिवशी टाकली.” मग ते पाण्यातल्या फळीकडे वाकले. “आ शुं छे, ते सांगा.”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मास्तरांनी बटण दाबलं. पाण्यात दिवा लागला. छगनभाईंनी दिव्याच्या चारी बाजूंनी बोट फिरवून वायर शोधली. ती सापडली नाही.

“माझा पण टांका अंगणात रोज उभराय छे, पाणी शेजाऱ्याकडे जाते,” शेवटी ते म्हणाले. “शेजारी रोज भांडते. असाच एक मला करा. रूम राहू द्या. विजेचा पण काही बोलणार नाही.”

मास्तरांचा श्वास मोकळा झाला. “करतो. पण दिवा लागलेला बघायला कुणीतरी जागं लागतं, छगनभाई.”

“तमे तो रोज जागताच छो ने,” छगनभाई म्हणाले आणि ओल्या पायांनी खाली गेले.

तेव्हापासून मास्तर पहाटे खिडकीत बसतात. मांडीवर पुस्तक असतं आणि नजर खाली अंगणातल्या टाक्यावर. दिवा लागला की जिना उतरून नळ बंद करायचा आणि परत वर यायचं. मालतीबाईंनी मोरीतली फळी काढून माळ्यावर ठेवून दिली.

“जागेच आहात, तर आपला नळही बघत चला,” त्या म्हणाल्या आणि कूस बदलून झोपल्या.